गंजीवर अंथरलेलं चित्र

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. बीडच्या स्टँडवर वाटून उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकलो. त्यामुळे मी आजच्या चित्रकारांची चित्रं विकत घ्यायला लागलो तेव्हा वडील म्हणाले, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. आमच्या माणसांनी काढलेली चित्रं पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत गेली, की आम्हाला ती कधीच दिसत नाहीत. ती इथंच राहावीत म्हणून मी कोचिंग क्लासात शिकवून मिळेल त्यातून घेत गेलो. दुसरी कसलीच हौस केली नाही.

सगळ्यांत मोठं चित्र सिरसाळ्याकडच्या एका मुलीचं होतं. भिंतभर. माणसं ऊसतोडीला गेल्यावर मागं राहिलेलं गाव, आणि कुलपं लावलेल्या दारांची रांग. तिचे आईबाप दरसाल टोळीबरोबर जातात. ती चित्रकला शिकून परत आली आणि कापडाच्या दुकानात कामाला लागली. रंग सुटले ते सुटलेच. मी फार मागं लागलो तेव्हा म्हणाली, "दादा, माझ्या आईबापानं माझं एकबी चित्र टांगलेलं बघितलं न्हाई. त्यांनी बघितलं तर काढीन परत."

मी बीडमध्ये प्रदर्शनासाठी एक हॉल मिळवला. तारीख दिवाळीच्या आधीची, टोळ्या निघायच्या आतली.

माझी खोली लहान. ते चित्र चौकटीवरून उतरवून, गुंडाळून मी गावाकडं चुलत्यांच्या घरात माळ्यावर ठेवलं होतं. ते आणायला गेलो तर जागेवर नव्हतं. चुलत्यांनी मला शेतात नेलं. परतीचा पाऊस अचानक आला, सोयाबीन कापून पडलेलं, झाकायला काही सापडेना, असं ते वाटेत सांगत होते. आमच्याकडं पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे बॅनर नंतर याच कामाला येतात. आणि चेहरा नेहमी आत घालतात. त्यावर पाणी, चिखल उडालेला कुणी पाहिला तर उगाच भांडण.

"जाड कापड दिसलं. म्हटलं कुण्या साहेबाचं असंल," चुलते म्हणाले. "म्हणून चेहरा आत घातला बघ. नीट घातला."

गुंडाळीची आतली बाजू खाली ठेवूनच त्यांनी ते अंथरलं होतं; त्यावर काय आहे ते पाहिलंही नव्हतं.

ओलं सोयाबीन आतून तापतं. रंग शेंगांना चिकटला होता. मी कापड उचललं तसे पापुद्रे गंजीवरच राहिले. आमच्या हाती कोरं, मळकं कापड आलं. चुलत्यांवर मला रागावताही येईना. गुंडाळलेल्या मोठ्या कापडावर साहेबाशिवाय दुसरं काही असू शकतं, हे त्यांना कुणी दाखवलं होतं? मीही नाही. मी तर तेच दाखवायला निघालो होतो.

दुकानात जाऊन तिला सांगितलं. ती गिऱ्हाईकासमोर ठाण उलगडत होती. हात थांबले नाहीत.

"सोयाबीन तरी वाचलं का?" तिनं विचारलं.

न्हाई, म्हणालो. कापडातून पाणी आत गेलं होतं.

गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "आता मला पुन्हा काढ म्हणू नका."

तिचं माझ्याकडं तेवढंच चित्र होतं. मी हॉल रद्द केला. दिवाळी झाली आणि तिचे आईबाप टोळीबरोबर कारखान्यावर गेले. त्यानंतर मी एकही चित्र घेतलेलं नाही.