व्होंड्राने स्वतः परत न केलेलं सामान

नेब्रास्कातल्या आमच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं फुटबॉल संघाचं सामान सांभाळलं. हेल्मेट, खांद्याचे पॅड, बूट. घाम खरा की दाखवायचा, हे मला सदऱ्याच्या वासावरून कळायचं.

गॅरेट व्होंड्राचा घाम खरा होता. गुरं पाळणाऱ्या घरातला पोरगा. तीन वर्षं रोज दुपारी तळघरातल्या व्यायामखोलीत खांद्यावर चारशे पौंड घेऊन बैठका मारायचा. मैदानात मात्र एकदाही उतरला नाही. त्याच्या जागेवरचा पोरगा जास्त तयार होता. चार वर्षांची पदवी गॅरेटने तीन वर्षांत उरकली. कॉलेजकडून खेळायला मिळणाऱ्या चार वर्षांतलं एक शिल्लक होतं. ते घेऊन तो कॅन्ससमधल्या एका छोट्या कॉलेजात निघाला.

"एक मॅच खेळायचीय, म्हातारोबा," तो म्हणाला. "आईसमोर. एकच."

आमच्याकडे कॉलेज सोडून जाणारा खेळाडू सामान आपल्या हातानं परत करतो. मी वस्तूचं नाव घ्यायचं, त्याने सामानखोलीच्या खिडकीत ठेवायची. गॅरेटला दुसऱ्याच दिवशी तिकडे हजर व्हायचं होतं. "तूच घे ना कपाटातून काढून," म्हणाला. मी काढून घेतलं. एकतीस वर्षांत तेवढं एकदाच.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तळघरात लोखंड वाजलं. त्या खोलीला खिडकी नाही. माणूस शिरला की दिवे आपोआप लागतात. दिवे बंद होते. अंधारात एक लांब श्वास, खाली, वर. मी आत पाय टाकला तेव्हा दिवे लागले. कुणी नव्हतं. वजनाचा दांडा कोमट होता.

मग रोज तेच. ऑगस्ट संपताना गॅरेटचा फोन आला.

"म्हातारोबा, पायात जोरच नाही रे. दीडशे पौंड झेपेनात. कोच म्हणतो, शनिवारपर्यंत सुधार, नाहीतर बाकावर बस. तिकडे माझं काही राहिलंय का?"

"राहिलंय. ये आणि सामान आपल्या हातानं परत दे."

"वेडा झालास काय? त्यासाठी चार तास गाडी हाकू?"

"तीन वर्षं बाकावर काढलीस. चार तास जड झाले?"

आला. चेहरा राखेसारखा. मी त्याचं सामान परत कपाटात लावून ठेवलं होतं.

"हेल्मेट."

ठेवलं.

"पॅड."

ठेवले. बूट ठेवले आणि खाली लोखंड वाजलं.

"कोण आहे खाली?"

"जाऊन बघ."

तो एकटाच उतरला. दिवे लागले नाहीत. जिन्यावरून मला दोघांचे श्वास ऐकू येत होते. मग एकाचाच. वर आला तो ताठ, सदरा घामाने चिंब. "येतो," एवढंच म्हणाला आणि गेला.

शनिवारी मी रेडिओ लावला. व्होंड्रा पहिल्यापासून शेवटपर्यंत मैदानात होता. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. रडून तिला बोलता येईना.

सोमवारी दुपारी तळघरात पुन्हा आवाज. दिवे बंद. पण आता श्वास उथळ होता, वजन हलकं. दांडा खाली जातो न जातो तोच जागेवर आपटायचा. म्हातारोबा, मी गॅरेट, मला बाहेर काढ, असं काहीसं पुटपुटणं.

मी जिन्यात उभा राहून म्हटलं, "आधी पूर्ण बस. मग बोलू."

मी कामावर होतो तोवर तो एकदाही पूर्ण बसला नाही.