कानस झिजली, विळी नाही

मामा वारले त्या दिवशी कारखाना बंद होता.

दहाव्याला कुणीतरी म्हणालं, "साधा माणूस होता." मला संताप आला. जगातली कोणतीही वस्तू झिजली की ज्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा, ते माझे मामा साधे? आमच्याकडच्या सहकारी साखर कारखान्यात ते वेल्डर होते. उसाचा रस काढणाऱ्या रोलरचे दाते गुळगुळीत झाले की ऊस घसरायचा. मग मामा चालत्या मिलशेजारी उकिडवे बसत आणि दात्यांवर कठीण धातूचे वितळलेले थेंब बसवता बसवता रोलरला झापत, "एक हंगाम दम निघंना व्हय रे तुला?" घरी चप्पल झिजली तर दोष आमच्या जळकोटच्या सडकेचा. माझ्या बुटांना त्यांनी नाल ठोकले आणि त्यांवरही असाच थर दिला. मी वर्गात शिरलो की गुरुजी म्हणत, "घोडा आला."

दुष्काळात ऊसच आला नाही. वर्कशॉप बंद व्हायच्या दिवशी मामांनी मामीची माहेरची विळी नेली आणि पात्यावर रोलरच्या दात्यांवरचाच कठीण थर चढवला. धार लावायच्या आत कुलूप पडलं. घरी ते कानस घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत कानस गुळगुळीत झाली.

"बघितलंस? कानस झिजली, विळी न्हाय!"

"मग कानशीनं कांदा चिरू का?" मामी कडाडली. "माझ्या आईची विळी व्हती ती. तुमच्या कारखान्याची न्हाय!"

"गळीत सुरू हू दे. मोठ्या चाकावर धार लावून देतो."

"ऊस कुठाय?"

त्यानंतर मामी रोज शेजारणीकडून विळी मागून आणायची, आणि का मागावी लागते ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगून आणायची. मामा सकाळी दारात उभे राहून भोंग्याची वाट बघायचे. तो वाजायच्या आधीच ते गेले.

पुढं पाऊस झाला, ऊस आला, भोंगा वाजला. मी विळी घेऊन कारखान्याकडे निघालो. मामीनं ती हिसकावून घेतली.

"दुसऱ्या कुनाचा हात लागायचा न्हाय हिला. मीच लावतो म्हनले व्हते ना? मग थांबायचं व्हतं की!"

आता थर चढवायचं काम लेसरच्या झोतानं होतं, तो अगदी पातळ बसतो, असं मी वाचतो. मामांना ते पटलं नसतं. ठिणगी नाही, धूर नाही, शिव्या नाहीत; धातूला कळणार कसं?

मामीही गेली. विळी माझ्याकडे आहे. पाट किडला, पातं गंजलं. थर तसाच आहे.