आई फळ्यावर जिवंत झाली

माझी आई दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मरायची. वेळ सकाळी सव्वाअकराची, जागा आमच्या कॉलेजची खोली क्रमांक सात.

(घाबरू नका, ती ठणठणीत आहे. मी हे लिहितोय आणि ती ओट्यावर उभी राहून टँकरवाल्याला पाइप कसा धरायचा ते शिकवते आहे.)

मी संभाजीनगरच्या एका कॉलेजात सर्जनशील लेखन शिकवतो. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. त्यामुळं कॉलेजनं काहीही दिलं की मला भरून येतं. खुर्ची दिली, भरून आलं. खुर्चीवरचा पंखा फिरला, अजून भरून आलं. अशाच भरल्या मनानं नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मुलांना नमुना म्हणून वाचून दाखवायला एक ललित लेख लिहिला. नाव 'हंडा'. दुष्काळाचं वर्ष, आमच्या पाचोडची तापलेली वाट, भरला हंडा डोक्यावर घेऊन तीन मैल चालणारी आई आणि ओट्यावर अभ्यास करत बसलेला मुलगा. शेवटी आई दारातच कोसळते, हंडा कलंडतो आणि पाणी वाहत वाहत मुलाच्या पुस्तकापर्यंत येतं.

खरं तर पहिल्या मसुद्यात आई मेली नव्हती. तिला नुसती चक्कर आली होती. पण चक्कर वाचून कोणी रडेना. बायकोला, म्हणजे सुनीताला, वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मग लिंबू सरबत द्यायचं ना त्यांना!" म्हणून नाइलाजानं मारली.

परिणाम जबरदस्त झाला! पहिल्याच वर्षी सहा मुली आणि एक कबड्डीपटू रडला. तास संपल्यावर एकीनं डोळे पुसत विचारलं, "सर, हे खरं आहे?" आता, फळ्यावर मीच ठळक अक्षरांत लिहून ठेवलेलं होतं: 'जे घडलं तेच लिहा.' मी फक्त खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर बघणं खोटं बोलण्यात मोडतं का, यावर पुढची सहा वर्षं मी मुद्दाम विचार केला नाही.

सातव्या वर्षी पाऊस आलाच नाही. पाचोडच्या घरचा बोअर आटला, म्हणून आईला मी शहरात आणलं. आमचं घर बीड बायपासच्या पलीकडं, 'सरोवर पार्क' नावाच्या वसाहतीत. कालपरवापर्यंत तिथं ज्वारी होती. आता घरंच घरं आहेत आणि नळाला पाणी नवव्या दिवशी. आईनं चार दिवस सगळं नीट पाहून घेतलं आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "भास्कऱ्या, तिकडं टँकर रोज येत व्हता रं. तू मला दुष्काळातून काढून कुठं आणलंस?"

त्याच महिन्यात कॉलेजात स्मार्ट बोर्ड आला. म्हणजे भिंतीएवढा फळा, त्यावर आपल्या मोबाइलची अख्खी स्क्रीन दिसते. त्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मी पहिल्या बाकावर बसलो, वहीभर टिपणं काढली आणि प्रमाणपत्र मिळालं ते फ्रेम करून घरी लावलं. प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

"भास्करराव, तपासणी समिती येतेय. तुमचाच तास दाखवू. 'हंडा' घ्या. स्मार्ट बोर्डही दिसला पाहिजे आणि मुलांच्या डोळ्यांत पाणीही."

(शहरात त्या वर्षी भरवशाचं पाणी तेवढंच उरलं होतं.)

ठरल्या दिवशी समितीचे दोन साहेब मागच्या बाकावर बसले. शेजारी प्राचार्य. मी मोबाइल बोर्डाला जोडला. 'हंडा'ची पानं भिंतीवर आली. मी वाचत गेलो, आई चालत गेली. कोसळली, हंडा कलंडला. पहिल्या बाकावरच्या वैशालीनं रुमाल काढला. थोरल्या साहेबांनी चष्मा काढला. मी सवयीनं खिडकीबाहेर बघायला मान वळवली, आणि तेवढ्यात फळा वाजायला लागला.

पूर्ण भिंतभर आईचा फोटो. खाली दोन फूट उंचीची अक्षरं: 'आई'. व्हिडिओ कॉल!

(व्हिडिओ कॉल सुनीतानं शिकवला होता. "फोटोवर बोट ठेवायचं, बस्स." मला तीन दिवस लागले, आईला अर्धं मिनिट.)

मी धावलो. लाल खुणेवर बोट ठेवायला गेलो, ते घामेजलेलं बोट घसरून हिरव्यावर गेलं. (कॉल कसा थांबवायचा, हा भाग प्रशिक्षणात तिसऱ्या दिवशी जेवणानंतर होता. मी जेवलो चांगला होतो.)

"भास्कऱ्या!" भिंतीवरून आई गरजली. "पाणी आलं! आज सातव्याच दिवशी आलं! अन् ही तुझी मोटार नुसतीच गुरगुरतीय!"

(नळाला मोटार लावायला मनाई आहे. साहेबांना ते माहीत होतं. पण ते काही बोलले नाहीत, त्यावरून त्यांच्या घरीही असावी.)

वैशालीचा रुमाल हवेतच राहिला. "सर," ती म्हणाली, "ह्या कोण?"

आणि मी, ज्याच्या फीसाठी ह्या बाईनं जोडवी मोडली, तो मी म्हणालो, "ह्या... माझ्या मावशी."

"पण सर, तिथं 'आई' लिहिलंय."

"आई गेल्यापासून मावशीलाच आई म्हणतो."

वैशालीचे डोळे पुन्हा भरले. आईला तिकडं आमचं नीट ऐकू जात नव्हतं, तिनं मोबाइल मोटारीकडं वळवला. आता फळ्यावर भलीमोठी मोटार. फर्दापूरचा महादेव बाकावरून उठला. त्याच्या वडिलांचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान.

"आज्जे, मोटारीनं हवा धरलीय! वरचं बूच काढ, तांब्याभर पाणी ओत, मग बटन दाब!"

"कोण बोलतंय रं? शाना दिसतंय पोरगं. थांब."

बूच निघालं. पाणी ओतलं. मोटार सुरू झाली, टाकीत धार पडली आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. थोरल्या साहेबांनीसुद्धा! मला वाटलं, सुटलो. आता कॉल बंद करायचा आणि घाम पुसायचा. पण वैशाली गुणी मुलगी. ती उठून फळ्याजवळ गेली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "आजी, तुमच्या बहिणीचं ऐकून फार वाईट वाटलं."

आईचा चेहरा भिंतभर पसरला. "बहिणीचं? सुभद्रेचं? काय झालं सुभद्रीला?"

"त्या गेल्या ना..."

"अगं बाई! कवा? कालच तर बोलली माझ्याशी! सुभद्रे गं...!" आईनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून शेजारच्या वर्गातून अर्थशास्त्राचे सर धावत आले. आईनं कपाळाला हात लावला, मोबाइल खाली पडला. फळ्यावर आता फक्त छत आणि मागं रडणं.

मावशी आईची एकुलती एक बहीण. आता माझ्यापुढं दोनच रस्ते होते. गप्प राहायचं आणि नोकरीतली सात वर्षांची इभ्रत वाचवायची, किंवा बोलायचं. ते रडणं मात्र 'हंडा'तल्यासारखं मुळीच नव्हतं. त्यात एकही सुंदर वाक्य नव्हतं.

"आई!" मी ओरडलो. "आई, ऐक! मावशीला काही झालं नाही! मेलीस ती तू!"

रडणं थांबलं. छत हललं. आईचा चेहरा परत आला.

"काय म्हणलास?"

मग प्राचार्य, समिती, अर्थशास्त्राचे सर आणि चाळीस मुलांसमोर मी खाली मान घालून सगळं सांगितलं. लेख, तीन मैल, सहा वर्षं.

आईनं मोबाइल तोंडाजवळ धरला. मग म्हणाली, "कशानं मेले मी?"

"हंडा आणताना."

"भरला व्हता का रिकामा?"

"भरलेला."

"मग? पाणी?"

"सांडलं."

"सांडलं?" मरणापेक्षा हे तिला जास्त लागलं. "दुष्काळात पाणी सांडवलंस माझ्या हातनं? अरे, मेले असते तरी आधी हंडा खाली ठिवून मेले असते! अन् तीन मैल कशाला? टँकर तर आपल्या दारात येत व्हता. रांग कोण लावायचं? मी! सरपंचाची बायको मधी घुसली, तिला बादलीसकट मागं कुणी धाडलं? मी! ते लिवलंस का?"

"नाही."

"का?"

बाजूच्या भिंतीवर जुना खडूचा फळा होता, त्यावर माझ्याच अक्षरात: 'जे घडलं तेच लिहा.' अख्खी गल्ली जिला भ्यायची, त्या बाईला मी टाळ्यांसाठी बिचारी करून मारून टाकलं होतं. दर वर्षी!

जाताना थोरले साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तंत्रज्ञानाचा वापर उत्तम. आशयाचं बघा."

संध्याकाळी घरी गेलो. टाकी भरलेली, आई ओट्यावर. मी पाया पडलो. ती म्हणाली, "पाया नंतर पड. आधी वाचून दाखव. मेले तर कशी मेले, कळू तरी दे."

वाचलं. वर बघतो तर आई पदरानं डोळे पुसत होती! मला पुन्हा एकदा भरून आलं. वाटलं, चला, निदान लेखक म्हणून तरी आपण...

"लई गुणाची बाई व्हती रं," आई म्हणाली.

"कोण?"

"ही मेलेली. अन् तिचं पोरगं बघ! आई उन्हात पाण्याला चालली अन् हा दांडगा घोडा सावलीत पुस्तक धरून बसलाय!" तिनं नाक पुसलं आणि माझ्याकडं नीट बघितलं. "तेवढं मात्र खरं लिवलंस."