न चाखता निवडलेली चव

आमच्या नेकनूरच्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. वरणातलं मीठ वाफेच्या वासावरून ओळखायचं, हे मी आईकडून शिकले. म्हणूनच पुण्यात बिअरच्या कारखान्यात कामाला असलेला माझा धाकटा भाऊ दोन चंदेरी पाकिटं घेऊन माझ्याकडे आला. त्यांत हॉप्स होते; बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचे दाबून केलेले हिरवे दाणे. मालकाने त्याला प्रथमच स्वतःच्या मनाची बिअर करायला सांगितलं होतं.

"ताई, तुझं नाक सांगंल तेच घालतो."

कॅस्केड जातीचे दाणे मी तळहातांवर चोळले. संत्र्याची साल सोलताना उडावा तसा गंधाचा तुषार उडाला आणि विरला. दुसऱ्या पाकिटातल्या नगेटला मात्र वेळ लागला. तळव्यांची ऊब मिळाल्यावर आधी वाळवलेली मेथी, मग तासलेलं लाकूड, आणि तळाशी कडुनिंबाच्या डिंकासारखा चिवट कडूपणा. हात धुतल्यावरही तो बोटांत राहिला.

"हाच," मी म्हणाले. अडलेल्या कवितेला ओळ सापडावी, तशी माझी खात्री होती.

त्याने नगेट घातला. पहिल्या बाटल्या गावी आणल्या, त्या परसात बाजेवर बसून पुरुषांनी फोडल्या. मी आत भाकरी थापत होते.

"कावून रे, कडूलिंबाचा पाला उकळलास का?" चुलत्यांनी विचारलं.

"अन् चढतबी न्हाई बे!" चुलतभाऊ म्हणाला.

"ताईनं निवडलंय ते," भाऊ घाईने म्हणाला.

हसण्याचा लोट आला. "लेका, कधी न पिलेल्या बाईला इचारून दारू करतोस व्हय?"

भाऊही हसला. त्या बिअरचा एक घोट मला कोणी दिला नाही. मीही मागितला नाही.

पुढच्या खेपेला त्याने स्वयंपाकघराचं दार लोटून माझ्यासाठी पेला भरला. ओठांआधी संत्र्याचा वास पोचला.

"नगेट?"

"बदललं. मालकाला ही लई आवडली. बाजारात इकती बी हाय, ताई."

"अन् तुला?"

तो फेसाकडे बघत राहिला. "पी ना."

मी प्याले. हलकी, आज्ञाधारक चव. घशाखाली उतरली आणि मागे काहीच उरलं नाही.

"छान झालीय," मी म्हणाले. त्याचा चेहरा उजळला. आणखी ओतायला त्याने हात पुढे केला, तेव्हा मी रिकामा पेला पालथा घातला.