कापूस आणि आयतचा श्वास

आयतच्या आजाराला मी तिच्या बापाचा धंदा जबाबदार धरला. निदान चुकणं आमच्या पेशात होतच असतं. पण त्याहून मोठी चूक मी पुढं केली, ती सांगतो.

मी लहान मुलांचा डॉक्टर. आयत आली तेव्हा तिला दातही आले नव्हते. ताप नाही, खोकला नाही. फक्त श्वास भराभर चालायचा आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जायची. झोपेतसुद्धा. बोटाला लावलेल्या क्लिपवर ऑक्सिजन कमी दिसत होता.

तिचे वडील रशीदभाई हर्सूलला गाद्या भरायचे. पिढीजात पिंजारी. त्यांच्या दाढीत कापसाचा एक तंतू अडकला होता आणि खिडकीतल्या उन्हात हलत होता. मी एक्स-रे उजेडासमोर धरला. फुप्फुसांत पांढुरकं धुकं. मला कापूसच दिसला.

"घरातच पिंजता?"

"व्हय साब. पुढच्या खोलीत."

"मग दुसरं काय होणार? हा कापूस पोरीच्या छातीत गेलाय. लांब राहा तिच्यापासून."

त्यांनी पिंजायचं मशीन काढून टाकलं, भाजीचा गाडा लावला. आयतचा श्वास तसाच राहिला. मग सीटी स्कॅन केला. रेडिऑलॉजीच्या मॅडम मला सीनियर. दाढीतल्या तंतूसकट माझी कापसाची थिअरी ऐकून म्हणाल्या, "अहो, तुम्ही फिल्म वाचली की बापाची दाढी?"

धुकं फुप्फुसांच्या ठरावीक भागांतच होतं. हा एक दुर्मीळ आजार. श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांत एका जातीच्या पेशी जास्त असतात. का, ते नक्की कुणाला ठाऊक नाही. त्यावर औषध नाही. घरी ऑक्सिजन द्यायचा, वजन वाढवायचं आणि वाट बघायची. बहुतेक मुलांची ऑक्सिजनची गरज वयाबरोबर कमी होत जाते. काहींना पुढंही पळताना दम लागतो. कापसाची धूळ चांगली नसतेच, पण हा आजार त्या धुळीमुळं होत नाही.

हे सगळं मी आयतच्या आईला, नजमाला सांगितलं. शेवटचं वाक्य सोडून.

घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. नजमा म्हणायची, "त्याच्या घरघरीत पोर गाढ झोपती, साब. वाटतं, लांब कुठंतरी कुणी पिंजायलंय." मी हसून पुढचा पेशंट बोलवायचो.

आयत चालायला लागली. मशीन फक्त झोपेपुरतं उरलं. एका सकाळी ती ओपीडीतून निसटून बाहेर पळाली. कडुनिंबाखाली तिचा बाप उभा होता. झाडाचा मोहोर सावकाश, जणू वजनच नसल्यासारखा खाली येत होता. तिनं दोन्ही हात वर केले. त्यांनी स्वतःचे हात पाठीमागं नेले.

मी दारातून म्हणालो, "उचला की तिला, रशीदभाई."

"नको साब. कापूस लागंल."

"धंदा तर कधीच सोडलात."

"धंदा सुटला, साब. अंगातला कापूस कुठं जातो?"

नजमा माझ्यामागून फणकारली, "गिऱ्हाइकाच्या पोरांना गाजरं देतो, अन् अपनी को हात नाय लावत."

निदान बदललं म्हणून जुनं निदान आपोआप पुसलं जात नाही. ज्याला दिलं, त्याच्याकडं जाऊन ते परत घ्यावं लागतं. आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी झाडाखाली गेलो.

"रशीदभाई, तुमच्या कापसानं तिला काहीही झालं नव्हतं. मी चुकीचं बोललो. चूक कळल्यावरही लाजेनं गप्प बसलो. मला माफ करा."

त्यांनी हात सदऱ्याला पुसले. पुन्हा पुसले. आणि आयतकडं खाली वाकले.