पाच वर्षांचा विडा

तंजावूरच्या एका हायस्कुलात सूर्यनारायणराव सत्तावीस वर्षं गणित शिकवत होते, आणि त्यातली पंचवीस तरी तोंडात पान धरून. शाळेत पान खायला बंदी होती. पण बंदी खाण्याला आहे, आधीच खाल्लेलं गालात धरून ठेवायला नाही, असा त्यांनी नियमाचा अर्थ लावला होता. गणिताचा मास्तर, नियमातली फट त्याला दिसायचीच. परिणाम एवढाच झाला की तंजावूरच्या तीन पिढ्या काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत ‘ऊंचा वर्ग अधिक ऊंचा वर्ग बरोबर ऊंचा वर्ग’ असा शिकल्या, आणि परीक्षेत बरोबर लिहूनही आल्या. गाव तमिळ, घर मराठी, शाळा इंग्रजी. पण एकदा पान भरलं की रावांच्या तिन्ही भाषा सारख्याच ऐकू येत.

घरी दुपारच्या जेवणानंतर खरा सोहळा असे. मुलगी लग्न होऊन तिरुचीला गेलेली, घरात दोघंच. राव झोपाळ्यावर बसत. त्यांची बायको राजम खाली पाय दुमडून बसे आणि पानाचा पितळी डबा पुढ्यात ओढी. पापनाशमकडची कोवळी पानं. एकेक पान ती पदराला पुसायची, नखानं शीर ओढायची, चुना लावायची, वर सुपारीचा पातळ कीस. रावांच्या विड्यात तंबाखू, स्वतःच्या विड्यात नाही. मग दोघांची तोंडं भरत आणि पाव तास घरात झोपाळ्याच्या कड्यांशिवाय कुणी बोलत नसे. एकतीस वर्षांच्या संसारात त्या पाव तासात कधी भांडण झालं नाही, कारण भांडायला तोंड रिकामं लागतं.

१९५८च्या उन्हाळ्यात रावांच्या डाव्या गालाला आतून चट्टा पडला. तंबाखूचा तोबरा नेमका तिथंच मुक्कामाला असे. वैद्यांनी गुळण्या दिल्या, शेजाऱ्यांनी तूप सांगितलं. राजमनं मात्र एके दिवशी गालाला हात लावून पाहिला आणि संध्याकाळच्या आत मद्रासची तिकिटं काढायला लावली.

मद्रासच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी गालाचा तुकडा काढून तपासला आणि मग समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. कॅन्सर आहे. कोबाल्टच्या यंत्राचा करंट, म्हणजे किरणांचा शेक, द्यायचा, पस्तीस वेळा. त्याआधी दात काढायचे, नाहीतर करंटानंतर जबडा कुजतो.

“आणि मग बरं होणार?” राजमनं विचारलं.

“अशा दहा माणसांमधली तीन माणसं पाच वर्षांनंतर आमच्यासमोर चालत येतात, अम्मा.”

रावांनी शेकडेवारी काढली. मग म्हणाले, “तीस टक्के. बाई, मी पस्तीसला पास करतो. पाच मार्क ग्रेस मिळतील काय?”

डॉक्टरीणबाई हसल्या. राजम हसली नाही.

दात गेले. गालावर जांभळ्या शाईनं चौकोन काढला गेला. रावांनी आरशात पाहून तक्रार केली की समोरासमोरच्या बाजू समांतर नाहीत, सबब हा चौकोन आयत म्हणून चालणार नाही. मग त्यांना एका खोलीत निजवत, जाड दार लागे, सगळे जण बाहेर पळत, आणि यंत्र गुणगुणायला लागे. “ज्या खोलीतून डॉक्टरसुद्धा पळतात, तिथं मला एकट्याला ठेवतात,” ते राजमला सांगत. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोललं. चौथ्यात चव गेली. ताक घातलेला मऊ भात भिजवलेल्या वर्तमानपत्रासारखा लागू लागला. थुंकी आटली, आणि ती गेल्यावर रावांना कळलं की आजवरचं आपलं सगळं ऐश्वर्य तेच होतं.

करंटासाठी बाहेर एक लांब लाकडी बाक होता. त्या पंधरवड्यात सुरू झालेले दहा जण रोज त्याच्यावर बसत. रावांच्या शेजारी बसे तो कृष्णस्वामी, पापनाशमजवळचा पानमळेवाला. त्याचा रोग जिभेच्या कडेला.

“पिकवणारा मी, खाणारा मी, आणि आता भाजून निघणाराही मीच,” तो म्हणे. रावांना तो तमिळ रीतीनं ‘रायर’ म्हणे. “रायरे, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं अशी बाकावर येऊन बसली तर माझा मळा कुणी चालवायचा?”

“तुमची पानं चांगली नसती तर मी इथं बसलोच नसतो.”

“हे मात्र खरं,” कृष्णस्वामी अभिमानानं म्हणाला.

पस्तिसावा करंट झाला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “आता पान, सुपारी, तंबाखू सगळं बंद. दर वर्षी येऊन तोंड दाखवायचं. पाच वर्षं निघाली की मग बघू.”

इथं घोटाळा झाला. डॉक्टरीणबाई बोलल्या वैद्यकाच्या भाषेत, आणि ऐकलं राजमनं व्रताच्या. तिचा सगळा जन्म चातुर्मासात गेलेला. एका वर्षी वांगी सोडायची, एका वर्षी दही, एकदा तर तिनं कॉफी सोडली होती आणि ते चार महिने राव शाळेत जास्त वेळ थांबत. सोडायचं ते मुदतीनं सोडायचं; मुदत भरली की उद्यापन करायचं, सोडलेली वस्तू आधी दान द्यायची आणि मग हक्कानं खायची. पाच वर्षं पान बंद, पुढं ‘मग बघू’. याला व्रत नाही म्हणायचं तर कशाला? त्याच संध्याकाळी तिनं मद्रासच्या समुद्राकाठी हातात पाणी घेऊन संकल्प सोडला, तोही दोघांच्या नावानं.

“अगे, तुला कुणी बंद केलंय?” राव म्हणाले.

“तुमच्या समोर चावत बसू काय? सोडलं तर दोघांनी.”

घरी आल्यावर राजमनं आणखी एक दूरदृष्टी दाखवली. दात गेलेले म्हातारे पान कुटून खातात, तसला एक लहानसा लोखंडी खलबत्ता तिनं विकत आणला आणि देवघराच्या फळीवर ठेवला. १९६३ साली लागेल म्हणून.

मग ती पाच वर्षं. रोज दुपारी जेवण झालं की राव झोपाळ्यावर बसत. राजम खाली बसे. मध्ये डबा नसे. दोघांना बोलायला तोंडं मोकळी होती, म्हणून भांडणं होऊ लागली: ताक आंबट का, तिरुचीला पत्र का नाही, खिडकी कुणी उघडी टाकली. चव हळूहळू परतली, आधी मीठ, मग आंबट, पुष्कळ दिवसांनी गोड. थुंकी आली नाही. ते तांब्या बरोबर घेऊन हिंडत. वर्गात आता त्यांचं शिकवणं स्वच्छ ऐकू येई, आणि मुलांचे मार्क कमी झाले. लग्नाच्या पंक्तीनंतर तबकं फिरू लागली की राव उठून दारात उभे राहत. एकदा पश्चिम राजवीथीवर पानवाल्याच्या टोपलीपाशी ते इतका वेळ उभे राहिले की त्यानं विचारलं, “काय हवं, सार?” राव म्हणाले, “काही नाही. वास येतोय तेवढा घेतो.”

पानच हवं होतं असं नाही. तो पाव तास हवा होता.

दर वर्षी ऑगस्टात मद्रास. पहिल्या वर्षी बाकावर आठ होते. दुसऱ्या वर्षी पाच. तिसऱ्या वर्षी चार. चौथ्या वर्षीही चार. शेकडेवारी म्हणजे एका बाकाचा हिशेब नव्हे, हे राव जन्मभर पोरांच्या कानी ओरडत आले होते. पण बाकावर बसलं की त्यांचाच विद्यार्थी त्यांच्यात जागा होई आणि बोटं मोजू लागे.

कृष्णस्वामीही मोजत असे. “रायरे, दहात तीन ना? आपण चार आहोत. एक जास्त झाला. कोण उठायचं?”

“तुम्ही बसा हो. तुमच्यामागं मळा आहे, घरची माणसं आहेत.”

“नाही नाही, तुम्ही वयानं मोठे. आधी तुम्ही.”

“छे, पाहुण्याला आधी मान.”

असा दोघांचा बसथांब्यावरचा शिष्टाचार चाले. शेवटी कृष्णस्वामी म्हणाला, “पुढच्या वर्षी दोघंही पास होऊ. तुमच्या उद्यापनाला पानं माझी. एक वेल तुमच्या नावानं राखतो.”

१९६३च्या ऑगस्टात राव गेले. बाकावर तिघं होते. त्यांना धरून तिघं. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं उत्तर चुकावं असं त्यांना वाटलं. अकरा वाजेपर्यंत ते दाराकडे बघत राहिले. कृष्णस्वामी आला नाही. खिडकीतला कारकून म्हणाला, “पत्र घातलं होतं. उत्तर नाही.”

डॉक्टरीणबाईंच्या केसांत एक पांढरी बट आली होती. त्यांनी दिवा लावून गाल आतून पाहिला, मानेला बोटं लावली, आणि रावांचा हात हातात घेतला. “सार, पाच वर्षं. तुम्ही पास.”

रावांनी घसा ओला केला. “मग आता पान कधीपासून?”

बाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. “पान? कधीच नाही, सार. तंबाखू नाही, सुपारी नाही. कधीच. मी सुट्टी म्हणाले नव्हते.”

राव मद्रासहून निघाले ते मुलाचा नापासाचा निकाल घेऊन निघालेल्या बापासारखे. पाच वर्षं रोज दुपारी जे पुढं ढकललं होतं, ते आता ढकलायला जागाच उरली नव्हती. कुंभकोणम गेलं. पापनाशम आलं तेव्हा तंजावूरचं तिकीट खिशात असून ते उतरले.

कृष्णस्वामीचा मळा स्टेशनापासून दोन मैलांवर होता. हादग्याच्या उंच झाडांवर पानवेली चढलेल्या, आत हिरवा अंधार. त्याची बायको शेषम्मा ओट्यावर पानं मोजून जुड्या बांधत होती. तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं. रावांना पुढं विचारावं लागलं नाही.

“जूनमध्ये गेले,” ती म्हणाली. “वरची पानं खुडायला शिडीवर चढले होते. शिडी घसरली.”

“तोंडाचं?”

“तोंड स्वच्छ होतं. पानाला शिवले नाहीत पाच वर्षं. पिकवलं तेवढं.” मग ती एकदम तीव्रपणे म्हणाली, “तुम्ही शिकलेले आहात. डॉक्टरांना कळवा, रोगानं गेले नाहीत. मला त्यांचं पत्र वाचता आलं नाही. त्यांना तुमच्या बाकावरून खाली काढू नका म्हणावं.”

तिनं एक जुडी ओल्या केळीच्या सोपटात गुंडाळून रावांच्या हातात दिली. “हा तुमचा वेल. तुमच्या तारखेला पानं द्यायची म्हणून सांगून ठेवलं होतं.”

स्टेशनवर पुढच्या गाडीला तासभर होता. रावांनी एक कार्ड घेतलं आणि इस्पितळाला इंग्रजीत लिहिलं: पापनाशमचे कृष्णस्वामी शिडीवरून पडून वारले, गाल, जीभ, मान निर्दोष, तरी हिशेबात त्यांना रोगाकडे धरू नये, आपल्याकडे धरावं. खाली त्यांना राहवलं नाही. त्यांनी मास्तरांच्या अक्षरात लिहिलं: सबब दहात चार, चाळीस टक्के, बाक पास.

घरी पोचले तेव्हा दुपार कलत होती. राजमनं दारात कोलमची रांगोळी काढली होती. देवघरात तबक, हळदकुंकू, दान द्यायचा नारळ. खलबत्ता चिंचेनं घासून लखलखीत केलेला. ती नऊवारी नेसून पाच वर्षं वाट पाहिल्यासारखी बसली होती, आणि पाहिलीच होती.

“काय म्हणाल्या?”

“पास झालो.”

“मग तोंड असं का?”

रावांनी जुडी तिच्या पुढ्यात ठेवली. कृष्णस्वामीचं सांगितलं. मग पानाचं. “कधीच नाही म्हणाल्या, राजम.”

राजमनं जुडी सोडली. एक पान तिनं सवयीनं उचललं, पदराला पुसलं, आणि तसंच परत ठेवलं. तेव्हा रावांना कळलं की या घरात आसुसलेले आपण एकटेच नव्हतो.

“तू खा,” ते म्हणाले. पण म्हणताक्षणी त्यांना बाक दिसला, आणि ते घाईघाईनं म्हणाले, “नको. नको खाऊस.”

“खात नाही हो,” ती म्हणाली. नाक ओढलं. मग तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत झाला. “डॉक्टरीणबाईंना व्रतातलं काय कळतं? कधीच नाही असं व्रत नसतं. मुदत हवी.”

“म्हणजे?”

“पाच वर्षांची यत्ता पास झालात ना? पुढच्या यत्तेत बसा.”

“आणखी पाच वर्षं?”

“पाच.”

रावांनी मनात बेरीज केली. “अडुसष्ट साल. म्हणजे तोवर मला जगावं लागेल.”

“लागेल तर लागेल,” राजम म्हणाली आणि पाण्याची पळी उचलली.

संकल्प झाला. नारळ दान गेला, पानं शेजारच्या देवघरांत वाटली गेली. राजमनं फक्त दोन राखून ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर राव झोपाळ्यावर बसले. ती खाली बसली, खलबत्ता पुढ्यात ओढला, पानांच्या शिरा नखानं काढल्या आणि ती हळूहळू कुटू लागली. नुसती पानं, चुना नाही, सुपारी नाही. तिखट हिरवा वास घरभर झाला. राव पुढं वाकले. तिनं खल त्यांच्या नाकापाशी धरला, मग स्वतःच्या.

झोपाळ्याची कडी वाजत होती. दोघांची तोंडं रिकामी होती, तरी पाव तास कुणी बोललं नाही.