रनवे मोकळा

माझी आत्या विमानतळावर पाखरं हाकलते. लोक हसायच्या आत ती स्वतःच सांगून टाकते, "शेतातलं बुजगावणं असतं ना, ते मी. फक्त मला पगार आहे आणि जीप आहे." विमानतळ छोटा, विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेचा. विमानं दोन माणसांची, आवाज शिलाई मशीनचा. त्यांना पाडायला एक टिटवीसुद्धा पुरते.

प्रत्येक विमान उतरायच्या आधी आत्या रनवेवर जीपची फेरी मारते, फटाक्यांची बंदूक उडवते, मग घसा खाकरून वॉकीटॉकीवर म्हणते, "टॉवर, रनवे मोऽऽकळा." तो 'मो' एवढा लांब, की तेवढ्यात एखादी घार येऊन बसून परत जाईल. आमच्या घरी बाथरूममधून बाहेर पडणाराही तसंच ओरडतो.

मारते, म्हणते असं लिहिलं खरं, पण आता ते सगळं 'मारायची' आणि 'म्हणायची' झालंय.

रनवेच्या टोकाला खडीत टिटवीने चार अंडी घातली. घरटं दिसलं की त्याच दिवशी उचलायचं, असा नियम. टिटवी भीत नाही, विमानावरही धावून जाते. आत्याने उचललं नाही. जेवताना म्हणाली, "महिनाभराचा तर प्रश्न आहे. एवढीशी ती, जीपच्या अंगावर येते आणि काय काय शिव्या घालते." मी लगेच त्या शिव्या काढून दाखवल्या. आत्याला हसता हसता ठसका लागला.

अकराव्या दिवशी एक शिकाऊ मुलगी पहिल्यांदाच एकटीने विमान उतरवत होती. आत्याने "मोऽऽकळा" म्हटलं. टिटवी उठली ती समोरच्या काचेवरच. मुलगी दचकली, विमान गवतात घुसलं, चाक मोडलं, तिचं मनगटही मोडलं. चौकशीत ठरलं, पक्षी बाहेरून आला आणि विद्यार्थिनी घाबरली. तिचं उड्डाण बंद.

चार दिवसांनी ती मुलगी आमच्या घरी आली. हात गळ्यात बांधलेला. "आत्या, तुमचं नाव उगाच चौकशीत आलं. तुम्ही तर मोकळा म्हणाला होतात. मीच, मलाच नाही जमलं." पुढे नुसते हुंदके. आत्याने तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "होतं असं, बाळ."

ती गेल्यावर मी तिची नक्कल केली. हुंदक्यात अडकलेलं "मलाच", नाक ओढणं, एका हाताने ग्लास धरणं, सगळं. बाबा हसले. म्हणाले, "अगदी तीच गं." आत्या उठून आत गेली. ती रात्री जेवली नाही. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

सकाळी ती म्हणाली, "स्कूटरवर सोड मला. आणि थांब बाहेर." मी ऑफिसच्या दारात थांबले. आत मोठे सर, म्हणजे शाळेचे मुख्य शिक्षक होते, आणि आत्याने फोन करून बोलावलेली ती मुलगी.

आत्याने घरट्याचं सांगितलं. सर म्हणाले, "पण मी स्वतः बघून आलो. तिथे काही नव्हतं."

"तुम्ही यायच्या आधी मी अंडी उचलली. टोपीत घालून कुंपणापलीकडे ठेवून आले."

"अकरा दिवस उचलवली नाहीत म्हणता."

"हो. त्या दिवशी अर्धं मिनिट लागलं."

सरांनी पेन खाली ठेवलं. मुलगी हळूच म्हणाली, "काल मी तुमच्या घरी येऊन रडले. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि तुम्ही म्हणालात, होतं असं."

मी दारातून मागे सरकले. त्या मुलीने मान वळवली असती तर काल तिची नक्कल केलेलं माझं तोंड तिला दिसलं असतं, असं मला वाटलं.

मुलगी मनगट बरं झाल्यावर पुन्हा उडायला लागली. आत्याची जीप गेली, तिला फाटकावर बसवलं. मुलगी सायकलवरून आत जाते तेव्हा आत्या उठून उभी राहते. मुलगी बघत नाही. बाबा म्हणाले, "ताई, बसून राहिलीस तरी चालेल. गुडघे दुखतात तुझे."

"दुखू देत," आत्या म्हणाली.